पोटरीवरची सुरी

८ ऑगस्ट, शुक्रवार

बसूची सुरी समुद्रात पडली! म्यानाचा खटका तुटला म्हणे. तो वर आला, सुरी खाली गेली. मी फोनवर पटकन म्हणालो, "बरं झालं!" आणि लगेच जीभ चावली. दर शुक्रवारी एकदा तर पोराचा फोन येतो. त्यात असलं बोलायचं?

पण वाटलं ते खरंच. लिंगायताचं पोर, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही — आणि हा मस्कतला जाऊन भाल्यानं मासे मारतोय. श्वास कोंडून खाली जायचं, रबरावर ताणलेला भाला सोडायचा, मासा घेऊन वर यायचं. नोकरी एसी बसवणाऱ्या कंपनीत, आणि सुट्टीचे उद्योग हे. त्याचं लायसनसुद्धा काढलंय. नातेवाइकांत कुणाला माहीत नाही. मी कशाला सांगतोय! बसूची आई, गुरम्मा, असती तर तिनं आधी कपाळावर हात मारला असता आणि मग विचारलं असतं, पाणी लई गार असतंय काय रे? तिला जाऊन वर्ष उलटलं.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "अप्पा, नवी घ्यायचीय. तुमाला लोखंडातलं कळतंय. तुमीच बघा की."

आख्खी नोकरी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून 'तुम्ही बघा' असं मला कुणी म्हणालेलं नाही. "बघतो," म्हणालो. आवाज मुद्दाम रुक्ष ठेवला. फोन ठेवल्यावर घरात तीन चकरा मारल्या.

९ ऑगस्ट

हत्यार कामावरून ठरतं, शोभेवरून नाही. हे वाक्य मी इतक्या बॅचेसना ऐकवलंय की पोरं माझ्या पाठीमागं माझ्या आवाजात म्हणायची. म्हणून बसूला विचारलं — सुरीचं काम काय ते आधी सांग.

त्यानं बोलून पाठवलं. कामं दोन. पहिलं — मासा लागला की त्याला तडफडत ठेवायचं नाही, डोळ्यांच्या मागं टोक घालून एका झटक्यात संपवायचं. इथं मी फोन बंद केला, पाणी प्यालो, मग पुन्हा लावला. दुसरं — भाल्याला दोर असतो. मोठा मासा खडकाभोवती फिरला की दोर पायाला वेढा घालतो. तेव्हा तो कापून सुटायचं. "एकदाच वढायची असती सुरी, अप्पा. छातीत तेवढाच दम असतोय. दुसऱ्यांदा वढू म्हणाल तर चान्स न्हाई."

हे ऐकल्यावर मी सरळ फोनच लावला, शनिवार असून. "आणि जोडीदार?"

"हाय की. सलीम. केरळचा. मी खाली असलो की तो वर, तो खाली असला की मी वर. तसा नियमच हाय."

"एकटा उतरायचा न्हाईस."

"न्हाई अप्पा."

"शप्पथ?"

"आता काय ल्हान हाय का मी!"

लहान नाही. पण गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून याला पोहायला मीच शिकवलं. पहिल्यांदा ढकलला तेव्हा मी काठावर उभा होतो. ढकलणाऱ्यानं काठावर उभं राहायचं असतं. आता काठ तिकडं, मी इकडं. तेवढं तो सलीम उभा आहे म्हणून मी गप्प आहे, नाहीतर नोकरी सोडून ये म्हणालो असतो.

ठरलं. मी दोर कापायची सुरी घेणार. माशाचं त्याचं तो बघेल.

१३ ऑगस्ट

मोबाइलवर सुऱ्या बघून डोळे चुरचुरले. काय एकेक नमुने! हातभर लांब, पाठीला दाते, मुठीत होकायंत्र. असली सुरी सिनेमात वाघ मारायला बरी. पाण्यात अडकलेल्या माणसाला लांबी काय करायची? हाताच्या पंजात मावेल एवढंच पातं पाहिजे. एका बाजूला सरळ धार, दुसऱ्या बाजूला करवतीसारखे दाते — नायलॉनचा दोर सरळ धारेवर घसरतो, दात्यावर तुटतो. मूठ केशरी पाहिजे, हातातून पडली तर दिसेल. आणि म्यान! सगळं म्यानात आहे. खटका असा पाहिजे की आपोआप सुटू नये, पण अंगठ्यानं दाबला की पापणी लवायच्या आत सुरी बाहेर.

आता पोलादाचं. लोकांना वाटतं स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही. गंज कमी, एवढाच त्याचा अर्थ! जे मऊ असतं ते खाऱ्या पाण्यात टिकतं, पण धार धरत नाही. जे कडक असतं ते धार धरतं, पण त्याला सांभाळावं लागतं. माणसांचं तरी वेगळं काय असतं म्हणा. टायटॅनियमला गंज नाही, पण घरी कानशीनं धार लावायची म्हणजे वैताग. मी कडकच घेणार. सांभाळायला मी आहे की.

हे सगळं लिहून बसूला पाठवलं. त्याचं उत्तर — अंगठा. नुसतं अंगठ्याचं चित्र!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

फोन. सगळं छान म्हणाला. सलीम? छान. मीही सांगितलं, छान. काल मल्लप्पाकडं गेलो होतो, चहा झाला, कॅरम झाला.

मल्लप्पा फेब्रुवारीतच पुण्याला मुलाकडं राहायला गेला. घराला कुलूप आहे. मी काल त्या गल्लीतून गेलो एवढं मात्र खरं.

३० ऑगस्ट

सुरी आली! खोकं उघडायच्या आधी हात धुतले. कशाला धुतले कोण जाणे.

खोक्यावर लिहिलंय एक, आत निघालं भलतंच. लोहचुंबक लावून बघितला तर टक्कन चिकटला. मऊ स्टेनलेसला चुंबक धरत नाही. म्हणजे लिहिलं मऊ, दिलं कडक. मला कडकच हवं होतं म्हणून भांडलो नाही. पण भांडायला कुणीतरी मिळालं असतं!

चहाच्या काचेच्या ग्लासात मूठभर मीठ कालवून सुरी उभी करून ठेवलीय. समुद्र आणता येत नाही, तर एवढं तरी.

२ सप्टेंबर

मुठीजवळ, पातं जिथं आत शिरतं तिथं, तपकिरी ठिपका. मोहरीएवढा. अपेक्षित होतं तरी मन खट्टू झालं. स्वयंपाकघरात उभा राहून सुरीला म्हणालो, "एवढ्यात?" मग लक्षात आलं की आज दिवसभरात मी बोललेला हा पहिला शब्द.

३ सप्टेंबर

ठिपका गेला. शून्य नंबरचा पॉलिशपेपर, वर मशीनचं तेल, गोल नाही, पात्याच्या लांबीत घासायचं. बसूसाठी सांभाळायचं तंत्र ठरवलं. पाण्याबाहेर आलं की सुरी आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. नुसतं नळाखाली धरून भागत नाही, मीठ फटीत बसतं. मग फडक्यानं कोरडं, मग सावलीत वाळवणं, मग तेलाचा हात — पातळ, कपाळाला लावतो तेवढा. खोबरेल नको, ते चिकट होतं. शिलाई मशीनचं चालेल. म्यान उघडं वाळवायचं. ओली सुरी म्यानात घालणं म्हणजे ओल्या अंगानं अंथरुणात शिरणं.

इथं सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि बोअरच्या पाण्याचे भांड्यावर पांढरे डाग. म्हणून मी इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर सुरीला वापरलं. असली चैन मी स्वतःची कधी केली नाही.

७ सप्टेंबर

आज फजिती झाली.

पट्टे नीट बसतात का बघायचं होतं. लेंगा गुडघ्यावर सारला, सुरी पोटरीला आतल्या बाजूनं बांधली — बाहेरच्या बाजूला बांधली तर दोर मुठीतच अडकायचा — आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डोळे मिटून सुरी ओढायचा सराव करत होतो. श्वास कोंडून! खटका, मूठ, बाहेर. पुन्हा. खटका, मूठ, बाहेर. डोळे उघडले तर फाटकात शेजारच्या सावित्रम्मा. हातात आमटीची वाटी.

"अय्यो शिवा! काय करालाव अण्णा?"

मी म्हणालो, "काही न्हाई अक्का, बसूच्या कंपनीचं हत्यार हाय."

"कंपनीत पायाला सुरी बांधत्यात व्हय?"

आता काय सांगणार! दोन महिन्यांनी माझ्याशी कुणीतरी अंगणात उभं राहून बोलत होतं. सांगून टाकलं. समुद्र, श्वास, भाला, मासा, सगळं. म्हटलं आता ही नाक मुरडणार, उद्या आख्ख्या कॉलनीला कळणार. सावित्रम्मा म्हणजे रोज सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी बाई.

तिनं वाटी कठड्यावर ठेवली. बराच वेळ सुरीकडं बघितलं. मग म्हणाली, "मारू दे की मासं. पोरगं वर आलं म्हंजे झालं. कोण असतंय त्याच्याजवळ?"

"सलीम म्हणून हाय एक."

"बरं हाय की मग. कुणाचं का पोर असंना."

मी सुरी दाखवायला तिच्या हातात देऊ लागलो, तर दोन पावलं मागं! "खाली ठिवा, खाली. हातात देऊ नये सुरी. भांडान हुतंय." खाली ठेवली. तिनं उचलली, बोटानं दाते मोजल्यासारखं केलं, परत खाली ठेवली. जाताना म्हणाली, "वाटी सावकाश द्या, घाई न्हाई."

आमटी झकास होती. वाटी धुऊन ठेवलीय. द्यायला जायचं तर रिकामी कशी नेणार, आणि भरून न्यायला मला येतंय काय!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बसूला विचारलं, सलीमला एकदा व्हिडिओवर दाखव की. म्हणाला तो पाण्यात आहे. मग तू वर काय करतोयस फोन घेऊन, वर राहून त्याच्याकडं बघ! असा मी तापलो. तो हसला. पण काही म्हणा, हसणं जरा उशिरा आलं.

१८ सप्टेंबर

पाऊस. यंदा उघडतच नाही. कपाटातली पुस्तकंसुद्धा ओली लागतात. सुरी दोनदा पुसली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दिवाळीला बसूला रजा नाही.

२१ सप्टेंबर

परवा एवढंच लिहून ठेवलं, पुढं लिहावंसं वाटलं नाही. राग बसूवर नाही. कुणावर आहे ते सापडत नाही. त्याच्या खोलीतली गादी मी मागच्याच आठवड्यात उन्हाच्या एका तुकड्यात घालून आणली होती. आता ती परत गुंडाळायची की तशीच ठेवायची? तशीच ठेवलीय.

फोनवर म्हणालो, "काम आधी. हितं मला काय कमी हाय? सकाळी बागेत ग्रुप हाय आमचा, दुपारी मल्लप्पा." तो म्हणाला, "बरं हाय अप्पा, तुमी एकटं न्हाई म्हणून मला टेन्शन न्हाई." खोटं इतकं बेमालूम बसलं होतं की मला स्वतःलाच फिटिंगचे मार्क द्यावेसे वाटले.

एकटेपणाचं असं आहे — सकाळी कळत नाही, कामं असतात. जेवताना कळतं. भाकरी एकच करायची तर पीठ मळायला हात उचलत नाही. दोन करतो. दुसरी संध्याकाळी. दोन्ही वेळा तीच भाकरी, तोच माणूस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सात रस्त्यावरून बारीक गोल कानस आणली. दात्यांना धार सरळ कानशीनं लागत नाही. एकेक खाच वेगळी घासावी लागते, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. दुकानदार म्हणाला, "सर, अजून जॉब चालू आहे का?" म्हटलं, "चालू आहे." खांदे आपोआप ताठ झाले.

नायलॉनचा दोर कापून बघितला. दोनदा घासला की तुटतो. बसूला कळवलं. आज त्याच्या आवाजात जरा जीव होता. म्हणाला, "अप्पा, असली धार तर दुकानात बी मिळत न्हाई." खुशीत दोन वेळा जेवलो.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. आमच्यात आयुधपूजा. आयटीआयमध्ये हा दिवस म्हणजे सण! लेथला झेंडूचे हार, ड्रिलिंग मशीनला विभूतीचे पट्टे, पोरं नवे शर्ट घालून. पूजा झाली की मशीन बंद. दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, तेही माणसासारखं दमतं. आणि परत चालू करायच्या आधी मी ओरडायचो — फडकं मारा! कुंकवाचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तर तुमच्या बापाला बोलवीन!

आज पाटावर मांडलं सगळं. कानशी, हातोडी, माझं मापायचं व्हर्निअर, गुरम्माची विळी, आणि मधोमध बसूची सुरी. विभूती, ओलं हळदकुंकू, वर अक्षता, फूल. नारळ फोडला. आरती मीच म्हटली, टाळ्याही मीच वाजवल्या.

पूजा झाली न झाली तोच अक्कलकोटच्या शिवूचा फोन. तो मस्कतकडंच असतो, गावी आला होता. "काका, आजच निघालोय मुंबईला. बसूला काय द्यायचं असलं तर आत्ता स्टँडवर आणून द्या." माझी धांदल! शेंगाचटणीचे डबे तयारच होते — एक बसूला, एक सलीमला. सुरी पाटावर.

पुसायची का? नवमीचं कुंकू त्याच दिवशी कसं पुसायचं. आणि मनात आलं, राहू दे. पोरगं दसऱ्याला घरी नाही, दिवाळीला नाही. घरच्या पूजेचं कुंकू तरी त्याच्या हाताला लागेल. गुरम्मा असती तर तिनंही असंच पाठवलं असतं. फूल तेवढं काढलं आणि सुरी म्यानात सारली. खटका वाजला — टक्! काय सुरेख वाजला. मग कापडात, कापड प्लास्टिकमध्ये, वर चिकटपट्टी.

बसूला मेसेज केला, "सगळं करून पाठवलंय. धार आहे, तेल आहे. तुला काही करायचं नाही. नुसती पोटरीला बांध आणि उतर."

पाट आता रिकामा दिसतोय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पोचली. अजून पाकीट सोडलं नाही म्हणाला, काम लई. "तुमी करून दिलंय म्हंजे काय बघायचं राहिलंय का त्यात!" दिवसभर हे वाक्य तोंडात घोळवत होतो.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सावित्रम्मांची लेक आलीय, त्यांच्याकडं दंगा. माझ्याकडं फराळाचं ताट आलं. वाटी अजून इथंच आहे, तिच्यावर आता ताट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन आला नाही.

८ नोव्हेंबर

नाही. मीच चार वेळा लावला. वाजतो. उचलत नाही.

९ नोव्हेंबर

आला. आवाज बसलेला. मी बोलायच्या आधीच म्हणाला, "अप्पा, म्यानात तांदूळ कसं आलं?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. कसले तांदूळ?

शुक्रवारी उतरला होता. मोठा मासा लागला. खडकाला वळसा घालून दोर पायात आला. खाली हात घातला, खटका दाबला, सुरी ओढली — निघेना. पुन्हा ओढली. निघेना. सलीमनं खाली येऊन दोर कापला म्हणाला. वर आल्यावर पकडीनं म्यान फोडलं. आत लाल-पिवळा गाळ, गंज, आणि खटक्याच्या खाचेत पाण्यानं फुगलेले तांदळाचे दाणे.

माझ्या अक्षता!

मी सांगितलं. पूजा केली होती, पुसली नाही, तशीच घातली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "असू दे अप्पा. तुमी करून दिलंय म्हणून मी वढून बघितलंच न्हाई. चूक माझीच हाय."

चूक त्याची कशी? आख्ख्या सोलापुरात कुंकवाचा कण मशीनमध्ये जाऊ न देणारा मास्तर एकच होता.

१० नोव्हेंबर

आज पूजेला बसलो, हात अक्षतांच्या वाटीकडं गेला आणि उठलो.

मी पोराला मारलंच होतं. असं लिहायला नको, पण दुसरं काय लिहू? देवाला काय बोल लावायचा. त्याला हळदकुंकू चालतं, खटक्याला चालत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. सावित्रम्मांना फाटकातच सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचलं न्हवं पोरगं? मग त्या सलीमच्या आईची वटी भरा म्हनावं." लगेच पटलं. ज्याच्यामुळं माझा बसू वर आला त्याला मी अजून एक शब्द बोललेलो नाही! शुक्रवारी त्याच्याशी बोलणार. हिंदीत काय म्हणायचं ते मनात जुळवतोय — बेटा, तुमने हमको... पुढचं कागदावर लिहून काढलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बसूला म्हणालो, आधी सलीमला दे.

"तो बाहेर गेलाय."

"मग नंबर दे."

"अप्पा, राहू दे ना."

"राहू दे कसं? चटणी तरी पोचली का त्याला? त्यानं माझं पोर..." मी चिडलो. खूप चिडलो. म्हणालो, एवढा कसला उद्धट, एका म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलत न्हाई!

मग म्हणाला, "अप्पा, सलीम हितं न्हाई. मार्चमधीच गेला गावाकडं. कंपनीनं काढलं त्याला."

"मग दोर कुणी कापला?"

"कुणीच न्हाई. पायातली पोहायची रबरी फिन काढून फेकली आणि पाय वढून काढला. सोललाय जरा."

"मार्चपास्नं एकटा उतरतोस?"

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा बसूचा फोन मी आधी ठेवला.

१५ नोव्हेंबर

मीच लावला. शिव्या द्यायच्या म्हणून लावला. पहिल्याच रिंगला उचलला, जणू हातातच धरून बसला होता. विचारलं — असं का करतोस, बसू? काय ठेवलंय त्या पाण्यात?

म्हणाला, "खाली एकटं वाटत न्हाई, अप्पा. वर खोलीत वाटतंय."

शिव्या सगळ्या विसरलो. म्हणालो, "हितंबी वाटतंय रे."

फोन कुणीच ठेवला नाही.